मेमरी कार्ड : निवडायचे कसे, विसंबायचे किती

कोडॅक कंपनीतील तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली स्वतः जुळवलेल्या डिजिटल कॅमेऱ्यातून चित्र काढले, तेव्हा ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. त्या कृष्णधवल चित्रात बिंदू होते अवघे दहा हजार. आज साधारण कॅमेऱ्याच्या एका चित्रात २ कोटी ४० लाख बिंदू असतात आणि अशी हजारो चित्रे ३२ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद एसडी कार्डात मावतात. कॅमेरा घेताना आपण महिनाभर चौकशी करतो. कार्ड मात्र दुकानदार हातावर ठेवील ते घेतो.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला हा निष्काळजीपणा परवडणारा नाही. वि. का. राजवाड्यांच्या पिढीने गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली, हाताने नकला केल्या. आज आपण वाड्याच्या ओसरीवर रुमाल सोडून मोडी कागदांची छायाचित्रे घेतो. घरमालक पुन्हा रुमाल सोडतीलच असे नाही, आणि पुढच्या खेपेपर्यंत वाळवी थांबेल असेही नाही. अशा वेळी त्या कागदाची एकुलती एक नक्कल काही तास या कार्डातच वस्तीला असते.

कार्डाच्या पोटात फिरणारा एकही भाग नसतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या कल्पनेतून आलेली ‘नँड फ्लॅश’ स्मृती १९८७ साली जगापुढे आली. आजची कार्डे तिच्यावरच चालतात. यात सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो आणि वीज बंद झाली तरी तो टिकतो. पण प्रत्येक वेळी पुसताना व लिहिताना कप्प्याची भिंत थोडी झिजते, आणि कोंडलेला भार वर्षानुवर्षे अगदी हळू गळत राहतो. हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

आता कार्डावरच्या खुणांकडे वळू. पहिला प्रश्न धारणक्षमतेचा. एसडी कार्डाचे मानक सँडिस्क, मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक) आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून १९९९ साली जाहीर केले. मूळ एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. नवा कॅमेरा जुने कार्ड सहसा स्वीकारतो. जुना कॅमेरा मात्र नंतरच्या पायरीचे कार्ड ओळखत नाही. म्हणून जुन्या कॅमेऱ्यासाठी ६४ जीबीचे कार्ड घेण्याआधी त्याची माहितीपुस्तिका उघडावी. ६४ जीबीच्या कार्डावर संगणक ५९.६ असा आकडा दाखवतो, त्यात फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, संगणक १०७ कोटींहून थोडे अधिक धरतो, एवढाच फरक.

दुसरा प्रश्न वेगाचा, आणि खरा घोळ इथेच होतो. कार्डावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा वाचनाचा कमाल वेग असतो. चित्रे संगणकावर उतरवताना तो कामाला येतो. कॅमेऱ्याला मात्र लिहिण्याचा वेग लागतो, आणि तोही कमाल नव्हे तर किमान. कारण चित्रीकरण तुटते ते वेग खाली घसरल्या क्षणी. किमान वेगाची हमी लहान चिन्हांत दडलेली असते. इंग्रजी ‘सी’च्या पोटात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी. ‘यू’च्या पोटात १ असेल तर १० आणि ३ असेल तर ३० एमबी. ‘व्ही’पुढे ३०, ६० किंवा ९० असेल तर तितके एमबी. ‘ए’पुढे १ किंवा २ ही खूण फोनमधल्या अ‍ॅपसाठी आहे, छायाचित्रकाराने तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

यूएचएस या अक्षरांपुढचा रोमन आकडा कार्ड आणि कॅमेरा यांच्यातला रस्ता किती रुंद आहे ते सांगतो. पहिल्या प्रकारात सेकंदाला १०४ एमबी, दुसऱ्यात ३१२ एमबी ही कमाल मर्यादा. दुसऱ्या प्रकारच्या कार्डामागे संपर्कपट्ट्यांच्या दोन ओळी दिसतात. कॅमेरा पहिल्या प्रकाराचा असेल तर हे महागडे कार्ड त्यात चालते, पण पहिल्याच्याच चालीने.

मग आपल्याला किती वेग हवा? तीन कामे घेऊन हिशेब करू.

चारशे पानांची पोथी दोन्ही अंगांनी टिपली तर ८०० चित्रे. कच्ची प्रत साधारण २५ एमबी आणि जेपेग १० एमबी धरली तर २८ जीबी जागा लागेल. पान उलटायलाच काही सेकंद जातात, त्यामुळे साधे १० एमबीच्या हमीचे कार्डही चालते. इथे पैसे वेगावर नव्हे, विश्वासार्हतेवर घालावेत.

दशावताराचा रात्रीचा प्रयोग चित्रित करायचा आहे. फोर-के चित्रीकरणाचा आकडा १०० असा दिसतो, पण ते मेगाबिट असतात; आठाने भागले की १२.५ एमबी. म्हणजे ‘व्ही ३०’ भरपूर झाले. मात्र तासाला ४५ जीबी जागा जाते, हे विसरले तर संकासुराचा प्रवेश ऐन रंगात असताना कार्ड भरेल.

उडत्या पक्ष्याची सेकंदाला दहा कच्ची चित्रे घ्यायची तर २५० एमबी तयार होतात. कॅमेरा ती आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत साठवतो. ती भरली की बोट दाबलेले असूनही कॅमेरा अडखळतो. रुंद रस्त्याचे वेगवान कार्ड खरे लागते ते इथे.

तिसरा प्रश्न अस्सलपणाचा. बाजारात ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी कार्डे असतात. आत जागा ८ जीबी, पण कॅमेऱ्याला ती १२८ सांगते. खरी जागा संपल्यावरही कॅमेरा तक्रार करत नाही. पुढची चित्रे मात्र वाया जातात किंवा आधीच्यांवर लिहिली जातात. म्हणून खात्रीच्या विक्रेत्याकडून पावतीसह कार्ड घ्यावे आणि कामाला लावण्याआधी ते एकदा संपूर्ण भरून पाहावे. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफ३’ हे मोफत प्रोग्राम कार्ड भरतात आणि लिहिलेले तसेच परत वाचता येते का ते तपासतात.

शेवटी विसंबण्याविषयी. एका १२८ जीबी कार्डापेक्षा ६४ जीबीची दोन बरी. एक बिघडले तरी अर्धे काम हाती राहते. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्ही कार्डांवर एकच चित्र उतरेल अशी योजना करावी. चुकून चित्रे पुसली गेली तर त्या कार्डावर पुढे एकही चित्र घेऊ नये. पुसणे म्हणजे बहुधा फक्त अनुक्रमणिकेतली नोंद खोडणे असते; वर नवे लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर शिल्लक असतो आणि ‘फोटोरेक’सारख्या प्रोग्रामने तो अनेकदा परत मिळतो.

भार गळतो आणि कप्पे झिजतात, म्हणून कार्ड कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवण्याची वस्तू नव्हे. त्याच संध्याकाळी चित्रे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावीत, दोन-चार उघडून पाहावीत, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून दुसऱ्या दिवशीच्या दप्तरासाठी मोकळे करावे.