विश्लेषण : तीन रुळांचे मॉडेल इंजिन दोन रुळांवर कसे धावते?

मनमाड-छत्रपती संभाजीनगर लोहमार्ग १९९०च्या दशकात मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. रुळांमधले अंतर एक मीटरवरून १,६७६ मिलिमीटर झाले. मॉडेल रेल्वेच्या छंदातही इंजिनांचे रूपांतर होते. पण तिथे अंतर तेच राहते, बदलतो तो विजेचा मार्ग.

फरक काय?

पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेल्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात ‘एचओ’ प्रमाणातील, म्हणजे मूळच्या ८७व्या भागाएवढ्या गाड्या पाहायला मिळतात. या प्रमाणात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. दोन रुळांच्या पद्धतीत एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीच्या पद्धतीत वीज मधल्या तिसऱ्या वाहकातून येते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परतते. मुंबईच्या लोकलचेही असेच आहे. फक्त तिथे वीज वरच्या तारेतून येते.

थेट ठेवले तर?

तीन रुळांच्या इंजिनाची डावी-उजवी चाके धातूच्या आसाने जोडलेली असतात. दोन रुळांवर ते ठेवताच दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होते.

काय बदलावे लागते?

* चाके : किमान एका बाजूची चाके आसापासून विद्युतरोधक करावी लागतात. मार्क्लिनच्या चाकांची कड उंच असते, ती बारीक रुळांच्या सांध्यांवर आपटते. म्हणून बहुधा चाकांचा संचच बदलतात.
* वीज घेणे : पोटाखालची सरकपट्टी काढून दोन्ही बाजूंच्या चाकांना टेकणाऱ्या पत्र्या बसवतात.
* मोटर : जुन्या इंजिनांत कायम चुंबकाऐवजी तारेचे वेटोळे असते. डीसी विजेवर मोटर फिरते. पण वीज उलटी दिल्यास वेटोळे आणि फिरता भाग दोन्हींचे ध्रुव एकदम उलटतात आणि इंजिन त्याच दिशेने जात राहते. वेटोळ्याच्या जागी कायम चुंबक बसवला की दिशा बदलते.

रुळावर ठेवण्यापूर्वी मल्टिमीटरने डाव्या-उजव्या चाकांत थेट जोड उरलेला नाही, हे तपासावे.

रूपांतर करावेच का?

जुन्या इंजिनाचे मोल त्याच्या मूळ भागांत असते. ते कापले तर परत मिळत नाहीत. अनेक इंजिनांची दोन रुळांची आवृत्तीही निघालेली असते, ती आधी शोधावी. बदल केलाच, तर काढलेला प्रत्येक भाग डबीत जपून ठेवावा.