वारकरी बदक नव्हे, मॉस शेवाळ नव्हे

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावात भरपूर उथळ काठ निर्माण केला. अशा काठांचा पक्षी म्हणजे वारकरी. पावसाळ्यात इथले कातळ आणि जुन्या भिंती हिरव्या होतात त्या मॉसमुळे. या दोघांची ओळख बहुधा चुकते, कारण ती राहत्या जागेवरून ठरवली जाते.

वारकरी हे काळे बदक, हा पहिला गैरसमज. थव्याने तरंगताना तो तसा भासतोही. पण तो पाणकोंबडीच्या कुळातला, म्हणजे बदकापेक्षा क्रौंचाला जवळचा. त्याची पांढरी चोच टोकदार असते आणि कपाळावरचा पांढरा पट्टा गोपीचंदनाच्या टिळ्यासारखा दिसतो. पाय पाहिला की शंकाच उरत नाही. बदकाची बोटे पडद्याने जोडलेली, वारकऱ्याची सुटी. प्रत्येक पेराच्या कडेला कातडीची पाकळी. पाय पुढे घेताना पाकळ्या मिटतात, मागे रेटताना उलगडतात. तो केवळ हिवाळी पाहुणाही नव्हे. थंडीत संख्या वाढते, पण भारतात तो वीणही करतो.

मॉसबद्दलचा गोंधळ अधिक खोल आहे, कारण मराठीत तळ्यातले आणि भिंतीवरचे, दोन्ही ‘शेवाळ’च. तळ्यातल्या शैवालाला खोड-पाने नसतात. फ्युनेरियासारख्या मॉसला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे खोडासारखे अंग आणि त्याभोवती इवली पाने असतात. मुळे मात्र नाहीत. मूलाभ नावाचे धागे मुख्यतः धरून ठेवतात आणि पाणी बरेचसे पानेच शोषतात. त्यामुळे मॉस झाडासारखी मुळे रोवून भिंत फोडते, हेही खरे नाही.

एप्रिलमध्ये तपकिरी, कुरकुरीत झालेले मॉस मेले असे समजून खरवडले जाते. अनेक जाती फक्त सुप्त असतात. पहिल्या वळवात काही मिनिटांत पाने उलगडतात. फ्युनेरियाचा बीजाणूकोश पेलणारा देठही हवेतल्या ओलाव्याप्रमाणे पीळ घेतो व सोडतो. ‘हायग्रोमेट्रिका’ हे जातीनाम त्यावरूनच पडले. मात्र फलनासाठी पाण्याचा थर लागतोच, कारण पुंयुग्मक पोहत जातो. म्हणूनच या गटाला वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हणतात.

वारकरी शेवाळ खातो, हे खरे. पण ते पाण्यातले शैवाल आणि बुडी मारून उपटलेल्या पाणवनस्पती. भिंतीवरच्या मॉसशी त्याचा संबंध नाही.