ग्रीन टी प्या, पण जेवणासोबत नको

धामणगाव रेल्वेत सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली ग्रीन टी हमखास निघतो. वजन उतरतं, शुगर आटोक्यात राहते, पोट साफ होतं, असं बरंच काही सांगितलं जातं.

झाड तेच, आपल्या चहाचं. पानं तोडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत तापवली की काळी पडत नाहीत आणि त्यातली कॅटेचिन नावाची द्रव्यं टिकतात. त्यांचा उपयोग अगदीच नाही असं नाही. जपानच्या ओसाकी भागातल्या ४० हजारांवर लोकांच्या अभ्यासात, रोज पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कॅन्सरचे मात्र कमी नव्हते. ही माहिती २००६ साली प्रसिद्ध झाली. वजनाचं म्हणाल तर फरक पडतो तो नगण्य. दिवसाचे चार गोड चहा सोडून कुणी बिनसाखरेचा ग्रीन टी धरला आणि बारीक झाला, तर मोठं श्रेय सुटलेल्या साखरेचं.

मला खरी काळजी वाटते ती बायांची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी यांतलं लोह शरीराला आधीच जेमतेम मिळतं. जेवणासोबत चहा घेतला, हिरवा असो की काळा, तर त्यातली द्रव्यं हे लोह धरून ठेवतात आणि ते रक्तापर्यंत पोचत नाही. वेचणीला जाणारी बाई चून-भाकरीवर लगेच चहा घेते, तिथंही हेच होतं. जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर हवं. भाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं.

कपातला ग्रीन टी बहुतेकांना सोसतो. गरोदर बाईनं एखाद-दोन कपांवर थांबावं, कारण त्यातही कॅफिन असतं. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

वजन घटवण्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या अर्काच्या कॅप्सूल मात्र घेऊच नयेत. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली सांगितलं, की पूरक गोळ्यांतून ईजीसीजी हे मुख्य कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला इजा पोचत असल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. नुसता ग्रीन टी पिणाऱ्या युरोपीय माणसाच्या पोटात ते दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं. कॅप्सूल सुरू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा भूक मेली, तर ती तिथंच बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि कॅप्सूलची डबी सोबत न्यावी.