बर्फात जायचंय? आधी हे विचारा!

परीक्षा जवळ आल्या की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या स्टेशनांबाहेर 'सिमला-कुलू-मनाली'चे फलक दिसायला लागतात. सहलीच्या पत्रकावर पांढराशुभ्र डोंगर, त्यावर लाल-पिवळे कोट घातलेली मुलं, पायांत लांबलचक पट्ट्या आणि हातांत काठ्या! या पट्ट्या म्हणजे स्की. मग घरोघरी एकच धोशा सुरू होतो, "आई, क्लासमधले सगळे चाललेत. मी पण जाऊ?"

मित्रांनो, तुमचा हट्ट मला एकदम मान्य आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, आणि तेसुद्धा १६४६ मीटरच. तिथे थंडीत दात वाजतात, पण बर्फाच्छादित उतार काही मिळत नाही. साधारण हजार मीटर वर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. मनालीजवळचं सोलंग सुमारे अडीच हजार मीटरवर आहे. आपलं कल्याण जवळजवळ समुद्रसपाटीला. करा पाहू गुणाकार! सोळा अंशांचा फरक तर नुसत्या उंचीनेच पडला. त्यात सोलंग आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला. म्हणून बर्फ तिकडे आणि घाम इकडे.

पण या पत्रकात एक गंमत लपलेली असते. फोटो जानेवारीचा असतो आणि सहल मे महिन्याची! मे महिन्यात सोलंगचा उतार हिरवागार असतो. तिथे गुरं चरतात, हवेत पॅराशूटसारख्या छत्र्या उडतात, पण स्की चालवायला बर्फ नसतो. त्या दिवसांत बर्फ पाहायचा तर आणखी वर, ३९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीकडे जावं लागतं. तिकडे जाणाऱ्या गाड्यांना परवाना लागतो आणि रोज ठराविक गाड्यांनाच तो मिळतो. तेव्हा पत्रकात 'स्कीइंग' असा शब्द दिसला की पहिला प्रश्न हा विचारायचा, "कोणत्या तारखांना? आणि कुठल्या उतारावर?" उत्तर देताना समोरचा माणूस "होतं हो सगळं व्यवस्थित" असं म्हणाला तर समजा, उत्तर मिळालेलं नाही.

बर्फाचा भरवशाचा काळ जानेवारी आणि फेब्रुवारीचा. इथेच आपली पंचाईत होते. तेव्हा शाळा जोरात चालू असते, फेब्रुवारीत बहुधा शिष्यवृत्तीची परीक्षा असते, आणि दादा-ताई दहावीत असतील तर घरात मोठ्याने बोलायचीही चोरी! नाताळात इंग्रजी माध्यमाच्या मुलांना आठवडाभर मोकळा मिळतो, पण मराठी शाळांना बहुधा एकच दिवस. शिवाय डिसेंबरअखेर बर्फ पडतोच असं नाही. हिमालयाला आपलं वेळापत्रक कोण कळवणार?

आता प्रवास. कल्याणला बसून जायचं तर आपली जुनी पंजाब मेल आहे. ही गाडी १९१२ पासून धावते आहे, म्हणजे तुमच्या पणजोबांच्याही आधीपासून! रात्री कल्याणला चढलात की साधारण एका दिवसाने दिल्ली. पुढे मनालीपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. पण खरी कसोटी कल्याणलाच असते. गाडी काही मिनिटंच थांबते. चाळीस मुलं, चाळीस बॅगा, आणि पोहोचवायला आलेले ऐंशी आई-बाबा! आयोजक शहाणा असेल तर मुलांच्या तुकड्या पाडतो, कोणती तुकडी कोणत्या दाराने चढणार ते आधीच ठरवतो आणि पालकांना फलाटाच्या मागच्या बाजूला उभं करतो. (आई-बाबांनो, खिडकीतून लाडवाचा डबा देण्याची ती वेळ नव्हे.)

तिकिटाचीही एक गोष्ट पालकांनी पाहून ठेवावी. आरक्षण मुंबईपासून केलेलं असेल आणि मुलं कल्याणला चढणार असतील, तर चढण्याचं स्टेशन कल्याण असं बदलून घ्यावं लागतं. नाहीतर मुंबईला बर्थवर कोणीच आलं नाही म्हणून ती जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. मोठ्या गटाला एका तिकिटावर सगळे प्रवासी बसवता येत नाहीत, एका तिकिटावर सहाच नावं मावतात. त्यामुळे मोठ्या गटासाठी रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात वेगळा अर्ज करतात. शाळेची शैक्षणिक सहल असेल तर विद्यार्थ्यांना भाड्यात सवलतही मिळते. ती शाळेच्या पत्रावर मिळते, एजंटच्या शब्दावर नाही.

दिल्लीहून पुढची बस बहुतेक वेळा रात्रीची असते. कारण उघड आहे. रात्र बसमध्ये गेली की हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं. पत्रकावरची किंमत दुसऱ्यापेक्षा कमी दिसते तेव्हा ती अशाच कुठूनतरी कमी झालेली असते. मला स्वतःला घाटातला रात्रीचा प्रवास मुलांसाठी पसंत नाही. पण करायचाच असेल तर "दोन ड्रायव्हर आहेत ना?" हे विचारायला लाजू नका. एकच माणूस रात्रभर वळणं घेणार आणि सकाळी तोच तुम्हाला सोलंगलाही नेणार, हे बरं नव्हे.

रस्त्यात बियास नदी सोबत असते. फार सुंदर दिसते, हिरवट निळं पाणी आणि पांढरे गोटे. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं मनालीला जाताना मंडी जिल्ह्यात थलौटजवळ अशीच उतरली, फोटो काढायला नदीच्या पात्रात गेली. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि बघता बघता पात्र भरलं. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्या सहलीचा एक व्यवस्थापक वाहून गेले. ती मुलं तुमच्यापेक्षा मोठी होती, आणि कोरड्या दगडांवर उभी होती. म्हणून पत्रकात नसलेल्या जागी बस थांबली तर कोण उतरणार आणि कुठपर्यंत जाणार हे ठरवणारा, त्या भागाची माहिती असलेला माणूस गटाबरोबर हवाच. असा माणूस आहे का, हा आपला पुढचा प्रश्न.

माझ्या चौथीच्या वर्गात मी हे सगळं सांगत होते तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, रात्री बर्फावरच झोपायचं का?" सगळा वर्ग हसला. पण तिचा प्रश्न फार मोलाचा होता हं! बर्फात तुम्ही दिवसाचे दोन-तीन तास असता. बाकीचा वेळ असता मुक्कामाच्या जागी. आणि पत्रकात त्याविषयी एकच ओळ असते, 'डिलक्स हॉटेल, मनाली'. ते हॉटेल मनालीच्या दहा-बारा किलोमीटर अलीकडेही असू शकतं. 'ट्रिपल शेअरिंग' म्हणजे तीन पलंग असतीलच असं नाही, दोन पलंग आणि जमिनीवर एक गादी असाही त्याचा अर्थ निघतो. कडाक्याच्या थंडीत जमिनीवरची ती गादी कोणाच्या वाट्याला येईल, सांगा पाहू? वर्गातल्या सगळ्यांत गप्प मुलाच्या!

गटासाठी पूर्ण मजला एकत्र घेतलेला असावा, मधोमध शिक्षकांच्या खोल्या असाव्यात, रात्री बाहेरून कोणी येणार नाही अशी सोय असावी. गरम पाणी किती वाजता मिळतं हे विचारावं, कारण थंडीत पाइपातलं पाणी गोठतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, खोली गरम कशाने करतात?

इथे जरा थांबू या. डोंगराळ भागात थंडीत शेकायला कोळशाची सिगडी पेटवतात. अंगणात किंवा उघड्या ओसरीवर ती छान वाटते. पण दारं-खिडक्या लावून सिगडी खोलीत ठेवली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवी ऑक्सिजन वाहून नेतं, पण हा वायू ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. थंडीत अशा खोल्यांमध्ये झोपलेली माणसं सकाळी न उठल्याच्या बातम्या येतात. म्हणून सिगडी झोपायच्या खोलीत कधीही नको. हॉटेलवाल्याने प्रेमाने आणून दिली तरी नको! विजेचा हीटर, जाड रजया, आणि वीज गेली तर आणखी रजया. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तिथली खिडकी उघडी हवी, थंडी वाजली तरी.

मुक्कामाची गोष्ट निघालीच आहे तर एका गुरुजींविषयी सांगते. रिचर्ड शिरमान नावाचे जर्मनीतले शिक्षक १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत जोराचं वादळ आलं. त्या रात्री सगळ्यांनी एका गावातल्या शाळेत आसरा घेतला. सुट्टीमुळे शाळा रिकामी होती. गुरुजींच्या मनात आलं, सुट्टीत गावोगावच्या शाळा अशाच रिकाम्या असतात, मग फिरायला निघालेल्या मुलांना तिथे का झोपू देऊ नये? त्यातूनच यूथ हॉस्टेलची चळवळ उभी राहिली आणि काही वर्षांत आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात मुलांचं वसतिगृह सुरू झालं. आपल्याकडेही यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. कुलू जिल्ह्यात कसोलला तिचा तळ पडतो, तिथून सार पासचा ट्रेक निघतो. राहायचं तंबूत, जेवायचं ठरल्या वेळी, आपलं ताट आपणच घासायचं. चैन नसते, पण सगळ्यांना सारखंच असतं. मला विचाराल तर डिलक्स हॉटेलपेक्षा मुलांना हेच जास्त आवडतं.

जेवणावरून आठवलं. आपल्या मराठी सहल कंपन्या आपला आचारी बरोबर नेतात आणि थेट मनालीत वरण-भात, पुरणपोळी वाढतात. आजी-आजोबांना त्याचं फार अप्रूप! पण तुम्ही एकदा तरी सिड्डू खाऊन पाहा. गव्हाच्या पिठाचा, आत सारण भरून वाफवलेला तो गरम गोळा, वर तूप सोडलेलं. वरण-भात काय, घरी आहेच.

आता उतारावर जाऊ. मनालीहून सोलंगच्या वाटेवर कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं ओळीने लागतात. मोजे मात्र आपले, लोकरीचे, आणि एक जोड जास्तीचा न्यायचा. काळा चष्माही हवा. बर्फावरून ऊन परत फेकलं जातं आणि डोळ्यांना त्रास होतो. पर्यटकांना तिथे स्की बांधून पाच-दहा मिनिटं हात धरून फिरवतात आणि फोटो काढतात. मजा येते, पण त्याला शिकणं म्हणत नाहीत. शिकायची सुरुवात पडण्यापासून होते! बाजूला कुशीवर कसं पडायचं, आडव्या पायांनी जिना चढल्यासारखा उतार कसा चढायचा, आणि मग थांबायचं कसं. दोन्ही स्कींची टोकं जवळ आणायची, टाचा लांब करायच्या, म्हणजे पाचरीचा आकार होतो आणि वेग कमी होतो. बूट स्कीला ज्या खटक्याने अडकतो तो जोरात पडल्यावर आपोआप सुटला पाहिजे, नाहीतर पाय पिरगळतो. तो तुमच्या वजनाप्रमाणे लावून द्यायचा असतो. म्हणून शिकवणाऱ्याने वजन विचारलं तर लाजू नका, आणि त्याने विचारलंच नाही तर तुम्हीच सांगा. एका शिक्षकामागे किती मुलं, हेही विचारून घ्या.

नीट शिकायचं असेल तर सरकारी संस्था आहेत. मनालीला १९६१ साली सुरू झालेली गिर्यारोहण संस्था आहे, आता तिला अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे. गुलमर्गलाही केंद्र सरकारची स्कीइंगची संस्था आहे. राहणं, जेवण, साहित्य आणि शिक्षक, सगळं एकाच जागी. काही दिवसांचा पूर्ण वर्गच असतो तो! वयाची अट मात्र आधी विचारा. उत्तराखंडातल्या औलीचे उतारही नावाजलेले आहेत, पण जानेवारी २०२३ मध्ये खालच्या जोशीमठात जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. तेव्हा तिथल्या जुन्या पत्रकांवर विसंबू नका.

आणि गुलमर्ग म्हटलं की डोंबिवलीतल्या घरांत सगळे एकदम गप्प होतात. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला झालेल्या हल्ल्यात आपल्या डोंबिवलीतले तिघे मारले गेले. काश्मीरला जायचं की नाही हे आई-बाबा ठरवतील. त्या बाबतीत मुलांनो, तुम्ही हट्ट करू नका.

ज्यांना यंदा नाताळात जायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. २५ डिसेंबरला निघायचं तर २६ ऑक्टोबरला सकाळीच तिकिटाच्या मागे लागायला हवं. तेव्हा पत्रक घरी आलं की ते बाबांच्या हातात देण्याआधी एकदा स्वतः वाचा, आणि जे लिहिलेलं नाही त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा.