टायमिंगची कसोटी चढणीवर

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडताच सिलिंडरमधील सगळे मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत पसरून पुरता दाब निर्माण होण्यास साधारण दोन सहस्रांश सेकंद लागतात आणि मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट तेवढ्या वेळात ३६ अंश फिरून जातो. म्हणूनच पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी ठिणगी पडावी लागते, आणि ती किती अंश आधी पडावी हे ठरवणे म्हणजे इग्निशन टायमिंग. वेगानुसार ठिणगी आणखी अलीकडे आणण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने करतात आणि भारानुसार व्हॅक्यूमची डबी करते. मेकॅनिक जुळवतो तो मुळातला आरंभ.

२०१४ पर्यंत बनत राहिलेल्या ॲम्बॅसडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन घेतले, तर पहिले काम टायमिंगचे नसून पॉइंटचे असते. पॉइंट म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडणारे दोन संपर्क. ते पूर्ण उघडले असता त्यांच्यात ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट असावी लागते. कॅमवर घासणारा तुकडा झिजला की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे पडते. फिलर गेजने फट न मोजता नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी घाई होय.

त्यानंतर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून पुलीवरची खूण ठरलेल्या अंशावर धरतात, डिस्ट्रिब्युटरच्या प्रायमरी टर्मिनलला आणि बॉडीला छोटा बल्ब जोडून इग्निशन चालू करतात. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो; क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेने हळूहळू फिरवताना बल्ब ज्या क्षणी पेटतो, तीच ठिणगीची वेळ, आणि तिथेच क्लॅम्प आवळावा.

मात्र गॅरेजच्या सपाट जागेत इंजिनावर भार नसतो. पेडण्यात मालपेची चढण किंवा डिचोली तालुक्यातील साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट भरल्या गाडीने चढताना खरे टायमिंग कळते. ठिणगी फार आधी पडत असेल, तर न जळलेले मिश्रण दाबाने आपसूक पेटून टणटण असे नॉकिंग ऐकू येते, जे दुर्लक्षिल्यास पिस्टनला इजा करते. फार उशिरा पडत असेल, तर गाडी ओढत नाही आणि इंजिन तापते. नॉकिंग आढळल्यास डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने अगदी किंचित फिरवावा, कारण तो क्रँकच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने त्याचा एक अंश क्रँकच्या दोन अंशांएवढा होतो.