जुन्या ट्रॅक्टरचं अवजार डावी-उजवीकडे का डोलतं? चेक चेन किती आवळायची ते समजून घ्या

ट्रॅक्टर जुना झाला की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे जातं. मागच्या लिंकेजकडे मात्र टायर घासल्याचा आवाज येईपर्यंत कुणी बघत नाही. उचललेलं अवजार वळणावर एका बाजूला झुलतं आणि खालचा आर्म टायरवर आदळतो. कपाशीत आंतरमशागत करताना फण ओळीत शिरतो आणि रोपं उपटली गेल्यावरच ते लक्षात येतं. उपाय सोपा वाटतो: दोन्ही चेन कचकचून आवळून टाका. पण मागे नांगर असेल तर हाच उपाय उलटा पडतो. असं का होतं, ते आधी पाहू.

थोडं डोलणं हा रचनेचाच भाग आहे

आज बहुतेक ट्रॅक्टरना असणारं थ्री पॉइंट लिंकेज हॅरी फर्ग्युसन यांच्यामुळे रूढ झालं. १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर ते होतं. आपल्याकडे गावोगावी दिसणारा मॅसी फर्ग्युसन १०३५ याच घराण्यातला.

या लिंकेजकडे वरून बघा. खालचे दोन आर्म समांतर नसतात. पुढे ते जवळ असतात आणि मागे फाकलेले असतात. दोन्ही आर्मच्या रेषा मनातल्या मनात पुढे वाढवल्या, तर त्या ट्रॅक्टरच्या पुढच्या भागात कुठेतरी एकमेकींना मिळतात. मातीत चालणारं अवजार जणू त्याच बिंदूला दोरी बांधून ओढल्यासारखं वागतं. दोरीने ओढलेला ओंडका जसा आपोआप ओढणाऱ्याच्या मागे येतो, तसाच दगडाला लागून बाजूला सरकलेला नांगर पुन्हा आपल्या रेषेत येतो.

आता चेन घट्ट आवळली, तर नांगराला सरकायला जागाच राहत नाही. मातीचा बाजूचा सगळा दाब थेट ट्रॅक्टरवर येतो. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं आणि पिना व आर्म वाकायची भीती असते.

मात्र हे आपोआप मध्ये येणं ओढीवर अवलंबून आहे. अवजार हवेत उचललं की ओढ संपते, उरतं ते फक्त लोंबकळणारं वजन. रोटाव्हेटरची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. त्याची पाती चाकांच्या दिशेनेच फिरतात, त्यामुळे तो ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतो. तिथे मध्ये आणणारी ओढच नसते, म्हणून त्याला चेननेच धरून ठेवावं लागतं.

कोणत्या अवजाराला किती ढील?

- पलटी नांगर: काम करताना दोन्ही बाजूंना साधारण दोन इंच मोकळीक. पण आर्म टायरला लागता कामा नये.
- रोटाव्हेटर: जवळजवळ घट्ट, बोटभर खेळ पुरे.
- पेरणी यंत्र, सरी रिजर, ओळीत चालवायचा कल्टिव्हेटर: घट्ट. इथे दोन इंचांचा फरक म्हणजे एक ओळ गेली.
- तिरकं लावलेलं लेव्हलर ब्लेड: घट्ट. माती त्याला सतत एका बाजूला ढकलत असते.
- रस्त्यावरून नेताना कोणतंही अवजार: घट्ट.

अवजाराच्या पुस्तिकेत वेगळं माप दिलं असेल, तर तेच धरा.

कोणती चेन काय अडवते?

चेन फक्त ताण घेते, ढकलू शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना चेन लागते. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना बाहेरच्या चेन असतात, म्हणजे चेन आर्मच्या बाहेरून एक्सलवरच्या ब्रॅकेटला जोडलेली असते. अशा वेळी उजवी चेन उजव्या आर्मला आत, म्हणजे डावीकडे, जाण्यापासून अडवते. त्यामुळे उजवी चेन तुटली तर अवजार डाव्या टायरवर आदळतं! डावा टायर घासतोय म्हणून अनेक जण डावीच चेन आवळत बसतात आणि दुखणं तसंच राहतं. एक्सलच्या खालून मधून येणाऱ्या आतल्या चेन असतील तर हिशोब याच्या उलट.

काही ट्रॅक्टरना चेनऐवजी लोखंडी स्टॅबिलायझर बार असतो. बार ताणही घेतो आणि दाबही, त्यामुळे त्यात डोलणं जास्त चांगलं आवरतं. पण नांगरणीसाठी तो सैल करता आला पाहिजे, नाहीतर काढून ठेवावा लागतो.

उचलताना चेन ताठ का होते?

जुन्या ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त मोडतोड इथे होते. आर्म पुढच्या पिनेभोवती वर-खाली फिरतो आणि चेन ब्रॅकेटच्या बोल्टभोवती फिरते. हे दोन्ही बिंदू बाजूने पाहिल्यावर एकाच रेषेत असतील, तर चेनचा ताण सगळ्या उंचीवर सारखा राहतो. चेनचा बिंदू खाली असेल, तर आर्म वर जाताना चेन ताणली जाते. बिंदू वर असेल, तर आर्म खाली जाताना ताणली जाते.

पहिल्या प्रकाराचा फायदाही आहे. खाली काम करताना चेन सैल राहते आणि वर उचलल्यावर अवजार घट्ट धरलं जातं. नांगराला नेमकं हेच हवं असतं. पण अशा ट्रॅक्टरवर अवजार खाली असताना चेन आवळली आणि मग लिफ्ट वर घेतली, तर हायड्रॉलिकची सगळी ताकद चेनवर येते. मग चेन तुटते, नाहीतर ब्रॅकेटचे बोल्ट छाटले जातात. ब्रॅकेट गावात वेल्डिंग करून बसवलेलं असेल तर त्याची जागा आधी तपासा.

नियम एकच लक्षात ठेवा: ज्या उंचीवर चेन सगळ्यात ताठ होते, त्या उंचीवर अॅडजस्ट करा.

चेन आवळण्याआधी झीज बघा

चेन नीट असूनही अवजार डोलत असेल, तर खेळ दुसरीकडे आहे. खालच्या आर्मच्या टोकाचा बॉल, पुढची पिन, ब्रॅकेटची लांबट झालेली भोकं आणि टर्नबकलचे झिजलेले आटे एकेक करून बघा.

पिनेचं मापही तपासा. कॅटेगरी १ मध्ये खालची पिन २२ मिलिमीटरची असते, कॅटेगरी २ मध्ये २८ मिलिमीटरची. मोठ्या बॉलमध्ये लहान पिन घातली तर जवळपास ६ मिलिमीटर खेळ तिथेच तयार होतो. योग्य मापाचं बुश थोड्या पैशात मिळतं, ते बसवा.

अॅडजस्ट कसं करायचं?

१. सपाट जागेवर उभे राहा. पीटीओ बंद करा आणि हँडब्रेक लावा.
२. अवजार हळूहळू पूर्ण खाली आणि पूर्ण वर घ्या. या वेळी दुसऱ्या माणसाला लांबून चेनकडे बघायला सांगा. एखादी चेन आधीच फार ताठ होत असेल तर लिफ्ट तिथेच थांबवून ती सैल करा.
३. चेन सगळ्यात ताठ होते त्या उंचीवर अवजार आणा. खाली मजबूत लाकडी ठोकळे लावा, अवजार त्यावर टेकवा आणि इंजिन बंद करा.
४. दोन्ही बाजूंना टायरच्या आतल्या कडेपासून आर्मपर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं हवं.
५. टर्नबकल फिरवून अवजार मध्ये आणा, मग वरच्या यादीप्रमाणे ढील ठेवा. चेकनट आवळायला विसरू नका.
६. ठोकळे काढून पुन्हा एकदा पूर्ण वर-खाली करून बघा. शेतात दहा-वीस मीटर चालवल्यावर परत तपासा.

इंजिन चालू असताना टायर आणि आर्मच्या मध्ये हात घालू नका. फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली तर अजिबात जाऊ नका. जुन्या लिफ्टचं सील कधी सुटेल सांगता येत नाही. तुटलेल्या चेनच्या जागी तार आणि लिंच पिनच्या जागी खिळा घालायची सवयही सोडा. रस्त्यावर वळताना पिन निघाली, तर झुललेलं अवजार शेजारून जाणाऱ्या दुचाकीला लागू शकतं. नांगर काढून रोटाव्हेटर लावला, की चेनही तेव्हाच बदलून आवळायची. हे काम पाच मिनिटांचं आहे.