एमिल झाटोपेक

मुलांनो, मैदानाला चार फेऱ्या मारल्या की आपल्याला धाप लागते. पाय जड होतात. अशा वेळी आणखी एक फेरी मारणे किती कठीण असते! एमिल झाटोपेक या धावपटूने नेमकी तीच फेरी मारण्याची सवय स्वतःला लावली.

झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी चेकोस्लोव्हाकियात झाला. त्याचे वडील सुतार होते. लहान वयातच तो बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. १९४१ साली कारखान्यातील वरिष्ठांनी त्याला एका शर्यतीत धावण्यास सांगितले. त्याला धावण्याची आवड नव्हती. नाइलाजाने तो धावला आणि सुमारे शंभर जणांत दुसरा आला. तेथून त्याला धावण्याची गोडी लागली.

त्याने सरावाची एक कठोर पद्धत स्वीकारली. तो ४०० मीटर वेगाने धावे, मग थोडे अंतर सावकाश धावे आणि लगेच पुन्हा वेग घेई. असे तो एका दिवसात कितीतरी वेळा करी. सावकाश धावताना श्वास थोडा सावरतो. पण पूर्ण विश्रांती मिळण्याआधीच शरीराला पुन्हा कष्ट करावे लागतात. त्यामुळे थकल्यावरही वेग टिकवण्याची शक्ती येते. कधी कधी तो जड लष्करी बूट घालून सराव करी.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने १०,००० मीटरचे सुवर्णपदक आणि ५,००० मीटरचे रौप्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकी येथे त्याने ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली. नंतर तो मॅरेथॉनमध्येही उतरला. ही ४२ किलोमीटरहून लांब शर्यत तो आयुष्यात प्रथमच धावत होता! वाटेत त्याने इंग्लंडच्या जिम पीटर्सला विचारले, "आपला वेग बरोबर आहे का?" पीटर्सने वेग कमी असल्याचे सांगितले. झाटोपेक पुढे निघून गेला. पीटर्सला शर्यत पूर्ण करता आली नाही. झाटोपेक २ तास २३ मिनिटांत पहिला आला. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणारा दुसरा धावपटू अजून झालेला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने अनेक जागतिक विक्रम केले होते. पण ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याला कधीच मिळाले नाही. १९६६ साली तो प्रागला आला होता. निरोप घेताना झाटोपेकने त्याच्या हाती एक छोटी पुडी ठेवली. क्लार्कने ती नंतर उघडली. आत झाटोपेकचे १९५२ चे सुवर्णपदक होते!

१९६८ साली सोव्हिएत फौजा त्याच्या देशात शिरल्या. झाटोपेकने उघडपणे विरोध केला. त्याची लष्करातील नोकरी गेली आणि त्याला अनेक वर्षे कष्टाची कामे करावी लागली. २००० साली त्याचे निधन झाले.

मुलांनो, जिंकण्यासाठी त्याने घाम गाळला; पण जिंकलेले पदक देऊन टाकण्यासाठी मोठे मन लागते. तुम्हाला त्याची कोणती शर्यत अधिक कठीण वाटते?